५.८ हा आकडा काय सांगत नाही

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरीनिमित्त राहणारे आपले बरेच वाचक आहेत. महाराष्ट्रात असताना नागफणीवर, तैलबैलावर दोराला अडकलेली ही मंडळी. योसेमिटी चारेक तासांवर आहे म्हटल्यावर ती स्वस्थ कशी बसतील? त्यांच्याकडून येणारी विचारणा बहुधा एकाच वळणाची असते : "बोल्ट असलेल्या मार्गांवर बऱ्यापैकी लीड करतो. ट्रॅड लीड मात्र कधी केलेलं नाही. नटक्रॅकरपासून सुरुवात केली तर चालेल ना? ५.८ तर आहे."

चढायला जरूर जा, पहिल्या लीडसाठी मात्र तो निवडू नका, असे आम्ही कळवतो. उत्तर दोन ओळींचे असले तरी त्यामागची कारणे सांगायला पत्र पुरत नाही. शिवाय ती कारणे कॅलिफोर्नियातल्या वाचकांपुरती नाहीत. दिवाळीनंतरचा हंगाम सुरू होताना इथल्या प्रशिक्षकांनीही ती तपासून पाहावीत, म्हणून या महिन्याचे संपादकीय त्यांच्यासाठी.

नटक्रॅकर ज्या कातळावर आहे त्याचे नाव मनूर पाइल बट्रेस. नाव शेणखताच्या ढिगाचे आणि शेजार एल कॅपिटनचा. गाडीरस्त्यापासून काही मिनिटांवर असलेल्या या सुमारे ६०० फुटी ग्रॅनाइटवर सोप्या श्रेणीचे दोन मार्ग जगभरच्या नवशिक्यांना खेचून आणतात. एक आफ्टर सिक्स, श्रेणी ५.७, तो १९६५ मध्ये इव्हॉन श्विनार्ड आणि रूथ श्नायडर यांनी चढला. दुसरा नटक्रॅकर, ५.८, तो १९६७ मध्ये रॉयल रॉबिन्स आणि त्यांच्या पत्नी लिझ यांनी. दोन्हींवरून वर पोहोचल्यावर चालत उतरता येते, दोन्हींना भरपूर भेगा आहेत आणि सुटीच्या दिवशी दोन्हींच्या पायथ्याशी रांग असते. आकड्यांतला फरक एका पायरीचा. पहिल्यांदा लीड करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे दोन मार्ग एकमेकांपासून बरेच दूर आहेत, आणि तो फरक आकड्यात कुठेच दिसत नाही.

नटक्रॅकरचा जन्म नवशिक्यांसाठी झालेलाच नाही. रॉबिन्स १९६६ मध्ये ब्रिटनला गेले होते. तिथले प्रस्तरारोहक पूर्वीपासून भेगांत खडे अडकवून त्यांना दोरीचे फास लावत. पुढे कुणी यंत्रांचे नट उचलून, त्यांचे आटे घासून त्यांत दोरी ओवू लागले. १९६१ मध्ये जॉन ब्रेल्सफर्ड यांनी खास चढाईसाठी धातूचा 'एकॉर्न' घडवला. योसेमिटीत त्या काळी सगळा कारभार हातोड्याचा. कडक पोलादाचे पिटॉन ठोकायचे, सेकंडने येताना ठोकूनच काढायचे, पुढच्या जोडीने पुन्हा त्याच जागी ठोकायचे. दर वेळी भेगेचा थोडा कपचा उडायचा. दहा-पंधरा वर्षांत भेगांना ओळीने भोके पडली. सेरेनिटी क्रॅकवर ती आजही पाहायला मिळतात. (गंमत अशी की आज लोक त्याच भोकांत बोटे घालून चढतात आणि त्यांतच नट बसवतात.) हातोड्याला हात न लावता, केवळ नटांच्या आधाराने इथे नवा मार्ग करता येतो हे रॉबिन्स यांना दाखवायचे होते. म्हणून नटक्रॅकर. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, श्विनार्ड यांनी आपल्या कंपनीच्या विक्रीपत्रकात डग रॉबिन्सन यांचा नटांच्या वापरावरचा दीर्घ लेख छापला. पिटॉन विकून उभी राहिलेली कंपनी गिऱ्हाइकांना पिटॉन सोडा म्हणत होती.

तेव्हा नटक्रॅकर म्हणजे एका विचाराचे प्रात्यक्षिक होते, आणि ते करणारी जोडी काही साधीसुधी नव्हती. रॉबिन्स हे हाफ डोमच्या वायव्य भिंतीवरच्या १९५७ मधल्या पहिल्या चढाईतले. लिझही १९६७ मध्ये त्याच भिंतीवर त्यांच्याबरोबर चढल्या. त्यांच्यासाठी ५.८ ही सावकाश, मजेत करण्याची चढाई होती. 'नवशिक्यांसाठी उत्तम' हा शिक्का पुढे लोकांनी मारला. मारताना आकडा तेवढा पाहिला.

हा आकडा काय मोजतो? पन्नासच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टाक्विट्झ या कातळावर ही दशांश पद्धत रुजली. तिच्या घडणीत रॉबिन्सही होते. ती मोजते ती मार्गावरची सर्वांत अवघड हालचाल. ती हालचाल जमिनीपासून किती उंचावर आहे, तिथे नट कुठे बसतो, तो बसवायला एक हात मोकळा होतो का, हात सुटला तर खाली हवा आहे की कातळाची पायरी, यांतले काहीही तिच्यात नाही. पुढे सिनेमाच्या प्रमाणपत्रांवरून उचललेली 'आर' आणि 'एक्स' ही अक्षरे जोडली जाऊ लागली, पण ती अगदीच विरळ संरक्षण असलेल्या मार्गांना. नटक्रॅकरला असे कुठलेही अक्षर लागत नाही, कारण नट बसायला तिथे जागोजागी सोय आहे. ब्रिटिशांची दुहेरी श्रेणी या बाबतीत अधिक बोलकी : तिचा पहिला भाग एकूण मार्गाचा, दुसरा सर्वांत अवघड हालचालीचा. 'व्हीएस ४ सी' हा त्या श्रेणीतला सरळ मार्ग धरला, तर 'व्हीएस ५ ए' म्हणजे हालचाल कठीण पण बहुधा संरक्षण चांगले, आणि 'व्हीएस ४ बी' म्हणजे हालचाल सोपी, तेव्हा गोम दुसरीकडे कुठेतरी आहे. जाणता लीडर तिथेच सावध होतो.

नटक्रॅकरची गोम शेवटच्या पिचवर आहे. चार पिच भेगा, कोपरे, एक छोटे छत असे सगळे पार करून दमलेला लीडर एका फुगवट्याखाली येतो. इथे मँटल करायचा : दोन्ही तळहात काठावर टेकवून अंग वर ढकलायचे आणि मग एक पाय हातांच्या पातळीवर आणायचा. हालचाल ५.८ चीच. पण ती करताना शेवटचा नट कमरेच्या, मग गुडघ्याच्या, मग पावलांच्या खाली जात राहतो आणि खाली कातळाचा टप्पा आहे. या मँटलवरून निसटून घोटे मोडून घेतलेल्यांची संख्या कमी नाही. गाइडबुकांत तसा इशाराही असतो.

साधा हिशेब करून पाहा. शेवटचा नट हार्नेसपासून दोन मीटर खाली असेल, तर पडणारा आधी नटापर्यंत दोन मीटर आणि नटाच्या खाली आणखी दोन मीटर जाणार. त्यात बिलेअरने सोडलेला ढिला दोर आणि दोराचा ताण मिळवा. पाच मीटर सहज होतात. टप्पा पावलांखाली तीन मीटरवर असेल, तर नट कितीही भक्कम असला, दोर कितीही नवा असला, तरी घोटा त्याआधीच टेकलेला असतो. उभ्या, अवघड मार्गावर असेच पडणारा माणूस हवेत लोंबकळतो आणि हसत पुन्हा भेगेला लागतो. सोप्या मार्गावर उतार कमी, टप्पे जास्त, म्हणून पडणे वाईट. अशा सोप्या श्रेणीत 'पडून शिकेन' हा विचार चालत नाही. तिथे लीडरने पडायचेच नसते. जिमच्या भिंतीवर दर संध्याकाळी शंभरदा निर्धास्त पडणाऱ्या पिढीच्या गळी हे उतरवणे प्रशिक्षकांना सर्वांत जड जाते, आणि तिथेच आपण घाई करतो.

आफ्टर सिक्सवर हीच गणिते वेगळी पडतात. त्याची अवघड जागा पहिल्या पिचवर, अगदी सुरुवातीलाच आहे. हजारो बुटांनी तिथला ग्रॅनाइट इतका घासला आहे की ५.७ पेक्षा ती जड वाटते. जमिनीजवळ असल्यामुळे तिथेही सुरुवातीचे नट जवळजवळ आणि नीट बसवावे लागतात. पण नाही जमले तर उतरून घरी जाता येते. बिलेअर डोळ्यांसमोर असतो, बोललेले ऐकू येते. ती जागा मागे पडली की पुढचे पिच त्याहून सोपे होत जातात आणि लीडरचे लक्ष हालचालीवरून काढून नट, स्लिंग, अँकर यांच्याकडे देता येते. नवशिक्यासाठी मार्ग निवडायचा म्हणजे हे पाहायचे. अवघड जागा कुठे आहे, हे ती किती अवघड आहे याच्या आधी.

दुसरी गोष्ट उभे राहण्याची. नट बसवणे हे निवांतपणाचे काम आहे. भेगेचा अंदाज घ्यायचा, रॅकवरून योग्य मापाचा नट शोधायचा, तो चुकला तर दुसरा काढायचा, ओढून पाहायचा, स्लिंग लावायची, मग दोर. सरावलेल्याला अर्धे मिनिट पुरते, नवख्याला पाच मिनिटे कमी पडतात. तेवढा वेळ तो एका हातावर लटकला तर पोटऱ्या थरथरू लागतात, आणि थरथरत्या पोटऱ्यांवर उभा असलेला माणूस बसलेल्या कुठल्याही नटाला चांगला म्हणतो. म्हणून पहिल्या लीडच्या मार्गावर दर दोन-तीन मीटरला दोन्ही पायांवर स्वस्थ उभे राहता आले पाहिजे.

भेगेतली चढाई आपल्याकडच्या मुलांना सुरुवातीला अन्यायाची वाटते. सह्याद्रीत किंवा कृत्रिम भिंतीवर बोटांनी धरायला काठ असतो, खाच असते. इथे धरायला काही नाही. स्वतःचा हातच खुंटीसारखा ठोकून बसवायचा. पंजा भेगेत घालून अंगठा तळव्याकडे वळवला की तळव्याचा मांसल भाग फुगतो आणि दोन्ही भिंतींवर दाब बसतो. पाऊल घालताना अंगठ्याची बाजू वर, गुडघा बाहेर. पाऊल आत गेले की गुडघा भेगेच्या रेषेत उभा करायचा, म्हणजे बूट पिळला जाऊन अडकतो. दुखते. पण नीट बसलेल्या जॅमवर ताकद फारशी खर्च होत नाही, आणि हे एकदा शरीराला पटले की माणूस भेगेच्या प्रेमात पडतो. भिंतीवर ५.१० करणारा पहिल्या दिवशी ५.७ च्या भेगेत धापा टाकतो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लीडरसाठी आणखी एक पेच आहे, जो पुस्तकांत फारसा सापडत नाही : जिथे हात सर्वांत छान बसतो, तिथेच नटही सर्वांत छान बसतो. नवखा तिथे नट बसवून मोकळा होतो आणि मग हात कुठे घालायचा म्हणून शोधत बसतो.

आता आपल्याकडे वळू. आपले अनुभवी लीडर हातोड्याच्या तालमीत तयार झालेले आहेत. पिटॉन आत जाताना त्याचा आवाज चढत गेला तर तो बसला, बद्द वाजला तर पोकळ, हे त्यांचे कान सांगतात. नट आवाज करत नाही. तो डोळ्यांनी वाचावा लागतो : भेग खाली निमुळती होते का, नटाचा किती पृष्ठभाग कातळाला टेकला आहे, ओढ नेमकी कुठल्या दिशेने येणार, वर चढताना दोराच्या हिसक्याने तो उचलला तर जाणार नाही ना. बिलेअर कड्यापासून चार पावले दूर उभा असेल तर पडण्याच्या क्षणी दोर ताठ होतो आणि सर्वांत खालच्या नटाला बाहेर व वर ओढतो. तो निघाला की त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा, अशी चेन उघडल्यासारखी रांग सुटते. पिटॉनवर वाढलेल्या लीडरला ही भीती ठाऊक नसते, कारण ठोकलेली मेख अशी निसटत नाही. उत्तम पिटॉन मारणारा माणूस नटांच्या बाबतीत नवशिका असू शकतो. हे मान्य करायला आपल्या ज्येष्ठांना थोडे जड जाते, हे आम्ही पाहत आलो आहोत.

कॅमने हा प्रश्न सुटतो, असे तरुण वाचक म्हणतील. रे जार्डीन यांनी योसेमिटीत घडवलेले आणि १९७८ पासून ब्रिटनमधून विक्रीला आलेले हे साधन समांतर भेगांत खरोखर वरदान ठरले. चाप ओढा, आत घाला, सोडा. पण कॅमची शक्ती बाहेरच्या बाजूला ढकलण्यात आहे. भेगेची एक बाजू सुटा धोंडा असेल, तर कॅम त्याला पहारीसारखा उचकटतो. आपल्या बेसॉल्टात हा धोका पदोपदी आहे. लाव्ह्याचे आडवे थर, मध्ये मऊ, पोकळ्यांनी भरलेला कातळ, भेगांत पावसाळ्याने आणून भरलेली माती आणि गवत, वर कुठेतरी आग्या मोहोळ. बेसॉल्ट मुळात भेगांच्या चढाईला नालायक आहे असे नाही. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ट्राउट क्रीकला बेसॉल्टच्या स्तंभांमधल्या भेगा चढायला लोक लांबून येतात. तसे स्तंभ आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिललाही आहेत, पण माथ्यावर मंदिर आणि पायथ्याला वस्ती असल्यामुळे तिथे चढाईचा प्रश्न उद्भवत नाही. सुळक्यांवरची परिस्थिती वेगळी आहे, आणि म्हणूनच आपल्या आधीच्या पिढ्यांनी मेखा आणि बोल्ट यांचा मार्ग धरला. त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

आमची तक्रार वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. आपल्या मोहिमांत लीड करणारे दोन-तीन जण ठरलेले असतात आणि बाकीचे लावलेल्या दोरावरून वर येतात. वर्षानुवर्षे असे चालल्यावर एखाद्याच्या नावावर सुळक्यांची लांबलचक यादी जमते, पण एकही आधार त्याने स्वतः निवडलेला नसतो. बदामीला जाऊन तो बोल्टवर लीड करतो, हंपीला बोल्डरिंग करतो, दोन्हीकडे दणकट होतो. उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमातही कातळावरचे बहुतेक काम वरून लावलेल्या दोरावर होते, आणि तिथे तेच योग्य आहे. हा माणूस योसेमिटीत उतरतो तेव्हा त्याचे स्नायू ५.१० चे असतात आणि नटांचा अनुभव कोरा. त्याला ५.८ सोपे दिसणारच.

यासाठी योसेमिटीला जाण्याची वाट पाहावी लागत नाही. जमिनीवर उभे राहून, कुठल्याही घट्ट कातळाच्या भेगेत, दिवसभर नट बसवता येतात. बसवलेल्या नटाला स्लिंग लावून तिच्यात पाय घालायचा, डोक्यावर हेल्मेट आणि नजर दुसरीकडे ठेवून हिसके द्यायचे. जो निघून येतो तो का निघाला हे लगेच पाहायला मिळते, आणि पडायचे ते वीतभर. मग सेकंड म्हणून जाणत्या लीडरच्या मागे जायचे. त्याने बसवलेला प्रत्येक नट काढण्याआधी क्षणभर पाहायचा. नट काढताना लागणारा वेळ वाया गेला असे मानणारा सेकंड चांगला लीडर होत नाही. त्यानंतर वरून दोर लावून खोटे लीड : खालचा दोर नटांतून, वरचा जिवासाठी. या तिन्ही गोष्टी एका हंगामात बसतात. नटांपासूनच सुरुवात करावी हे आमचे मत. कॅम पुढच्या वर्षी. आयात केलेल्या कॅमची किंमत पाहता हा सल्ला खिशालाही मानवेल.

नटक्रॅकरसुद्धा मग करावा. तोपर्यंत शेवटच्या पिचखाली थांबून नट कितव्या फुटावर बसतो आणि खालचा टप्पा कितव्या फुटावर आहे, हे आपोआप मोजले जाते. फुगवट्याखाली हात पोहोचेल तितक्या उंच नट बसवावा, बिलेअरला आधीच सांगून ठेवावे, आणि पाय वर येत नसेल तर उतरून श्वास घ्यावा. मागे रांग कितीही कुरकुरली तरी.

या अंकापर्यंत आपण मार्गांच्या नोंदी श्रेणी, उंची आणि पहिली चढाई एवढ्याच छापत आलो. पुढच्या अंकापासून श्रेणीच्या शेजारी आणखी चार रकाने असतील : अवघड जागा कितव्या पिचवर आणि जमिनीपासून किती उंच, तिथे कुठला आधार, मेख, बोल्ट की नट, आणि तो किती वर्षे जुना, हात सुटला तर खाली काय, आणि अर्ध्यातून परतायचे तर कसे. ज्या नोंदीत हे नसेल ती मार्ग कितीही नामवंत असला तरी परत पाठवली जाईल. नोंद लीडरने लिहावी. सेकंडने तिच्याखाली आपला शेरा जोडला, कुठला नट नुसत्या बोटांनी निघून आला तेही मोकळेपणाने लिहिले, तर असा शेरा आम्ही काटछाट न करता छापू.